गहिनीबुवांचे डोळे आले

मी एक जुना चष्मा आहे. पण मित्रांनो, गुरुजींच्या नाकावर बसतो तसला नाजूक, काडीचा चष्मा डोळ्यांपुढे आणू नका. माझ्या काचा पुरणपोळीच्या चतकोराएवढ्या मोठ्या आणि किंचित हिरवट आहेत. त्यांच्याभोवती रबराची जाड कड आहे आणि मागे डोक्याला आवळायचा पट्टा. मला लावून कोणी पोथी वाचत नाही. समोरून येणारी धूळ, काडी, कुसळ, किडा, जे काही असेल ते वाटेतच अडवायचं, एवढंच माझं काम. वैकुंठाच्या दारात जय-विजय उभे असतात म्हणतात, तसा मी डोळ्यांच्या दारातला राखणदार.

सध्या मी पारनेर तालुक्यातल्या एका घरात देवघराशेजारच्या खुंटीवर टांगलेला असतो. माझ्या शेजारी टाळांची जोडी आहे. घरात भजन सुरू झालं की टाळ खाली उतरतात आणि मी नुसता खुंटीवर डुलतो. माझी साथ तेवढीच.

माझा जन्म मात्र भजनासाठी झाला नव्हता. मला बनवलं ते फौजेसाठी. कारखान्यातून निघालो तो नगरच्या लष्करात आलो. तिथे एक तरुण जवान रणगाडा चालवायचा. रणगाड्यातून डोकं बाहेर काढून तो माळावरून निघाला की असा फुफाटा उठे की सूर्य दिसेनासा व्हावा. मी त्याच्या डोळ्यांवर घट्ट बसून राही. संध्याकाळी तो मला ओल्या रुमालाने पुसल्याशिवाय ताटावर बसत नसे. काळजी घेणारा हात कसा असतो, ते मी त्याच्यापासून शिकलो. देव त्याला उदंड आयुष्य देवो.

पुढे माझा पट्टा तुटला. फौजेत तुटक्या वस्तूला जागा नसते. जुन्या बादल्या आणि फाटके बूट यांच्याबरोबर मीही बाहेर पडलो आणि भिंगारच्या बाजारात एका भंगारवाल्याच्या गोणपाटावर येऊन बसलो. येणारी-जाणारी पोरं मला डोळ्यांना लावत, एकमेकांना वेडावून दाखवत आणि पुन्हा टाकून देत. ऊन, पाऊस, धूळ सगळं अंगावर घेत मी पडून होतो. आपलं आता कोणाला काही काम नाही, असं वाटायला लागलं होतं.

आणि मग एके दिवशी एक बाई माझ्यासमोर खाली बसली. तिचं नाव रतनबाई. तिच्यामागे तिचे यजमान उभे होते. डाव्या डोळ्यावर कापसाची पट्टी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. हे गहिनीनाथबुवा, कीर्तनकार. सगळा मुलूख त्यांना गहिनीबुवा म्हणे.

गहिनीबुवांची हकिगत मला नंतर कळली. घरची कोरडवाहू जमीन थोडी, पण गळा देवाने दिलेला. पारनेरच्या माळावरच्या गावांना तेव्हा एसटी क्वचितच जाई, म्हणून बुवा सायकलने गावोगाव कीर्तनाला जात. त्या साली ज्वारी निघाली तेव्हा एका गावाबाहेर उफणणी चालली होती. बुवा उतारावरून अभंग म्हणत भरधाव आले आणि वाऱ्यावरचं एक कुसळ थेट डाव्या डोळ्यात गेलं. कोणी पदराच्या टोकाने काढायला गेलं, कोणी मध घातला, बुवांनी स्वतः चोळ चोळ चोळलं. व्हायचं तेच झालं. डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर पांढरा ठिपका बसला आणि त्या बाजूचं जग मावळलं.

नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "गेला तो गेला. उरलेल्याला जपा. सायकल तरी सोडा, नाहीतर डोळ्यांवर काहीतरी घाला. याला असंच काही लागलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

सायकल सोडायची म्हणजे कीर्तन सोडायचं. ते बुवांच्याने होणार नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडताना रतनबाईने एका जवानाच्या कपाळावर माझा एक भाऊबंद पाहिला, चौकशी केली आणि नवऱ्याला घेऊन ती तडक या गोणपाटापाशी आली.

"ह्ये काय हाय?" तिने मला उचलून विचारलं.

"रणगाड्याचा चष्मा, मावशी," भंगारवाला म्हणाला. "धूळ म्हणून आत शिरायची नाही."

बुवांनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "बैलाचं झापड दिसतंय निव्वळ. मला काय घान्याला जुपायचाय का?"

"घान्याचा बैल तरी वेळेवर घरी येतो," रतनबाई म्हणाली.

भंगारवाला खो खो हसला. रतनबाई हसली नाही. तिने माझ्या काचेवर हळूच फुंकर घातली, पदराने पुसलं आणि मला उन्हाकडे धरून पाहिलं. किती दिवसांनी मला कोणी पुसत होतं! त्याच क्षणी मी त्या माउलीचा झालो.

घरी आल्यावर तिने जुन्या लुगड्याचा काठ कापला, दुमडून त्यात सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी घातली आणि मला नवा पट्टा शिवला. ओढला की ताणणारा, सोडला की डोकं धरणारा. लष्करी पट्ट्याच्या तोंडात मारील असा. काठ होता हिरवा आणि लाल. रणगाड्याच्या चष्म्याला लुगड्याचा काठ! फौजेत कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मला मात्र नवी मुंज झाल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, पुढचे दिवस काय वर्णावे! पहाटेचा गार वारा, समोर पांढरी धुळीची वाट, बुवांचे पाय पायडलवर आणि तोंडात अभंगाची चाल. वाऱ्याने उडालेली माती माझ्या काचांवर तडतडे आणि आत उजवा डोळा निवांत उघडा असे. चढावर बुवांना दम लागला की त्यांच्या श्वासाची वाफ माझ्यावर धरे. जिथे हरिनाम निघतं तिथली वाफ ती. मी ती तीर्थासारखी घेई.

पण माणसांची तोंडं कोण धरणार? पहिल्याच गावात पारावरची मंडळी उठून उभी राहिली.

"बुवा, फटफटी कुठं ठिवली?"

"आरं फटफटी न्हाई, रनगाडा हाय! व्हा बाजूला, आलं रनगाडाबुवा!"

"म्हाराज, आता किर्तनात अभंग सोडून बार उडवता का काय?"

बुवा हसले, पण मला त्यांच्या कपाळाची शीर ताठलेली कळली. माळकरी माणूस, लोक पायावर डोकं ठेवणार, आणि तोंडावर हा असला अवतार. शिवाय आणखी एक भीती त्यांच्या मनात होती. मंगल कार्यात एकाक्ष माणसाचं तोंड बघू नये, असं म्हणणारे लोक गावोगावी होते. मला पाहिलं की लोक विचारणार, चष्मा का? मग डोळ्यातलं फूल दाखवावं लागणार. त्यापेक्षा नकोच.

तेव्हापासून बुवांनी एक युक्ती काढली. उघड्या रस्त्यावर मला लावायचं आणि गावाची वेस दिसली की मला काढून झोळीत टाकायचं. मग कीर्तनात उभं राहताना डावी बाजू वीणेकऱ्याकडे ठेवायची म्हणजे फूल कोणाला दिसत नाही. आता तुम्हीच सांगा, मळणी-उफणणीची खळी कुठे असतात? वेशीजवळच. काट्याकुट्यांच्या गाड्या, गुरांची पायधूळ, पोरांची विटी, सगळं वेशीजवळच. जिथे माझी खरी गरज, तिथेच मी झोळीच्या अंधारात बुक्क्याच्या डबीशेजारी तोंड काळं करून पडलेला.

ते रतनबाईने पकडलं. रात्री मला पुसायला घेतलं आणि ती थांबली.

"आवो, रस्त्याची धूळ पांढरी आस्ती ना?"

"व्हय."

"मंग ह्ये काळं कुठनं आलं?" तिने बोट दाखवलं. "ह्यो झोळीतला बुक्का हाय. म्हंजे वाटंनं चष्मा डोळ्याला न्हाई, झोळीला लावता तुमी!"

बुवांनी झोळी हळूच मागे सरकवली.

"किर्तनात सांगता, देवापुढं खोटं वागू नये. अन् माझ्यापुढं?" तिचा आवाज चिरला. "एक डोळा लोकांच्या वाऱ्याला गेला. दुसरा लोकांच्या हसण्यापायी घालवा. मंग मी हाताला धरून नेते किर्तनाला. न्हाईतरी मला ऐकायला आवडतंच."

बुवांनी मान खाली घातली. "नको रडूस. इथून पुढं न्हाई काढायचा."

"बघतेच की. परवाच्या काल्याला मीबी येनार. क्यारेजवर बसून."

तो होता एकाहत्तर सालचा चैत्र. दोन टेकड्यांपलीकडच्या एका गावात मारुतीच्या देवळात हरिनाम सप्ताह बसला होता आणि शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन गहिनीबुवांचं होतं. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा कळस. कीर्तन झालं की बुवांनी हंडी फोडायची आणि दही-लाह्यांचा काला स्वतःच्या हाताने गावाला वाटायचा. मागच्या वर्षीही तो मान त्यांचाच होता, पण तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे शाबूत होते.

रतनबाई मागे बसली. चढावर ती उतरे आणि पदर खोचून सायकल ढकली, उतारावर पुन्हा बसे. वेस आली. बुवांचा हात सवयीने कपाळाकडे गेला. मागून खाकरल्याचा आवाज आला. हात खाली आला.

असे आम्ही देवळापुढे उतरलो. बुवा उतरले आणि मंडपात एकदम गलका उठला. पुढे बसलेली आक्काबाई नावाची म्हातारी ओरडली, "आगं बया! म्हाराजांचं डोळं आल्यात गं! पोरं आत घ्या, पोरं!"

मित्रांनो, यात त्या म्हातारीची काही चूक नव्हती. त्या हंगामात डोळ्यांची साथ होती. ज्याचे डोळे येत तो काळाहिरवा चष्मा लावून घरात बसे, आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं तरी आपले डोळे येतात, अशी लोकांची समजूत होती. असल्या चष्म्याचा दुसरा अर्थच त्यांना ठाऊक नव्हता. बघता बघता आयाबायांनी पोरांच्या तोंडावरून पदर ओढले. पुढची रांग मागे सरकली. सप्ताहाचे पुढारी उत्तमराव हार घेऊन निघाले होते, ते निम्म्या वाटेत थांबले.

"रामकृष्णहरी, म्हाराज. गैरसमज नसावा, हां. लांबूनच बोलतो."

"रामकृष्णहरी, उत्तमराव. काय झालं?"

"गावात साथ हाय. निम्मं गाव आंधारात बसलंय. आता काला तुमच्या हातानं घ्यायचा म्हंजे... किर्तन करा, आमची ना न्हाई. पर काला दुसऱ्या कोनाच्या हातानं वाटला तर?"

काल्याचा मान काढून घेणं म्हणजे कीर्तनकाराला जेवणाच्या पंगतीतून उठवणं. बुवांचे कान लाल झाले.

"आवो, डोळं आलं न्हाईत त्यांचं!" रतनबाई मागून म्हणाली.

"मंग चष्मा कशापायी, बाई?"

बुवांच्या पापणीची फडफड मला काचेतून दिसत होती. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. पाठ फिरवून घरी जायचं, आणि मग हा प्रसंग जन्मात पुन्हा येऊ नये म्हणून मला कायमचं फेकून द्यायचं. नाहीतर जे लपवत आलो ते भर मंडपात उघडं करायचं.

बुवांनी पट्टा सोडवला. मला छातीशी धरलं आणि तोंड वर केलं.

"बघा, उत्तमराव. आलं न्हाई काही. एक गेलाय."

आक्काबाई काठी टेकत उठली आणि थेट बुवांच्या समोर येऊन त्यांच्या तोंडात तोंड घालून बघू लागली.

"फूल पडलंय की वो!"

"व्हय, आजी. कुसळ गेल्तं. सायकलीवर हुतो."

"आन् ह्यो चष्मा?"

"राहिलेल्यासाठी."

"मंग ह्ये आधी सांगायला काय झाल्तं?" म्हातारी खेकसली. "आमच्या मालकाचा डोळा बी असाच गेला, उफनताना. मरस्तवर एकानंच बघितलं त्यांनी. आन् मी येडी पोरं आत घ्या म्हनून वराडते! म्हाराज, उभं ऱ्हावा किर्तनाला. काला पयला माझ्या हातावर."

उत्तमरावांनी हार घातला, आणि हार घालताना त्यांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

मित्रांनो, मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण त्या दिवशीचं काही और होतं. मला मारुतीरायाच्या पायरीवर ठेवलं होतं. बुवांनी डावी बाजू लपवली नाही. सरळ मंडपाकडे तोंड करून ते उभे राहिले, विठ्ठलनामाचा गजर झाला आणि निरूपण करताना ते म्हणाले:

"मंडळी, आपल्या बोलीची गंमत बघा. डोळे लाल झाले, चिकटले, वाहायला लागले की आपण काय म्हणतो? डोळे आले! अहो, आले कुठून? जन्मापासून इथंच तर होते! पण होते तेव्हा कोणी त्यांचं नाव काढलं? सकाळी उठून देवा, आज दोन्ही डोळे जागेवर आहेत, असं म्हणालात कोणी? दुखायला लागले तेव्हा कळलं, अरे, आपल्याला डोळे आहेत! म्हणून आपले वाडवडील शहाणे. ते म्हणाले, डोळे आले!"

मंडपात हशा पिकला. मृदंगावर एक थाप पडली.

"माझंही तेच झालं. दोन होते तेव्हा मी आंधळा होतो. एक गेला आणि मग मला डोळे आले. आता झाडाचं पान बघतो तरी पांडुरंगाचे उपकार आठवतात. आणि एक खरं सांगतो. हा चष्मा लावायची मला लाज वाटायची. देवाने डोळा दिला त्याची लाज नाही, बायकोने तो राखायला चष्मा आणून दिला त्याची लाज! तेव्हा माउली, हसायचं असेल तर पोटभर हसून घ्या. पण उद्यापासून उफणायला उभे राहाल तेव्हा वाऱ्याकडे पाठ करा, आणि डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, पाण्याने धुवा. एवढा काला माझ्याकडून घ्या."

हंडी फुटली. बुवांच्या हातून पहिला काला आक्काबाईने घेतला. मग गाव लोटलं. डोळे आलेली माणसंसुद्धा चष्मे लावून दारात येऊन उभी राहिली, आणि बुवांनी त्यांच्यासाठी काला पानावर घालून पाठवला.

परतताना ऊन कललं होतं. आपल्या गावाची वेस दिसू लागली. उतार होता, वारा मागून होता, बुवा गुणगुणत होते. आपल्याच गावात रणगाडाबुवा म्हणून शिरायचं, हे सगळ्यात अवघड. हात पुन्हा एकदा कपाळाशी आला, माझ्या काठाला लागला, आणि मागून कोणी खाकरलं नसताना आपला आपण खाली गेला.

वेशीतून बाभळीच्या काट्यांनी भरलेली एक बैलगाडी बाहेर पडत होती. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या दोन्ही अंगांनी भरमसाट बाहेर आल्या होत्या. बुवा बाजूने निघाले तोच वावटळ उठली, बैल बुजले, गाडी हलली आणि एक लवलवती फांदी चाबकासारखी बुवांच्या तोंडावर बसली. काट्याचं टोक माझ्या उजव्या काचेवर आपटलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत कर्रकन ओढत गेलं. माझ्या अंगावर शहारा आला, पण मी जागा सोडली नाही. लुगड्याच्या काठानेही सोडली नाही.

सायकल आडवी झाली. दोघं मातीत. रतनबाई गुडघ्यांवर सरपटत आली. बुवांच्या गालातून रक्त वाहत होतं. तिने मला वर सरकवलं.

"आवो... दिसतंय का? बोला ना. दिसतंय का?"

बुवांनी उजवा डोळा मिटला, उघडला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"दिसतंय," ते म्हणाले. "कुंकू वाकडं झालंय तुझं."

रतनबाई तिथेच धुळीत बसून रडायला लागली, आणि बुवा आपल्या हाताने तिचं कुंकू सरळ करू लागले. गाडीवान बिचारा हात जोडून उभा होता. पारावरची माणसं धावत आली होती. त्या दिवशी रणगाडाबुवा म्हणून कोणी हसलं नाही.

मित्रांनो, तो ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे. माझ्यातून आता धड दिसत नाही, म्हणून बुवांनी माझ्याच जातीचा दुसरा आणला आणि तो सायकलीबरोबर रोज हिंडतो. मला मात्र त्यांनी टाकलं नाही. खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ यांच्या रांगेत रतनबाई मलाही मांडते आणि ओरखडा असलेल्या काचेवर हळदीकुंकवाचं बोट लावते. एका तुटक्या पट्ट्याच्या चष्म्याने याहून जास्त काय मागावं? त्या जवानाचे, त्या माउलीचे आणि ज्यांच्या श्वासाची वाफ मी प्यालो त्या बुवांचे माझ्यावर अनंत उपकार आहेत.

एक मागणं मात्र तुमच्याकडे आहे. देवाने डोळ्याला पापणी दिली ती पायी चालणाऱ्या माणसाच्या बेताची. सायकल आपण बनवली, वेग आपण वाढवला, तेव्हा पापणीला सोबतही आपणच द्यायला हवी. उद्या उतारावरून भरधाव निघाल तेव्हा आमच्यापैकी एखाद्याला बरोबर घ्या. कोणी हसलं तर हसू द्या. घरी आलात की मऊ फडक्याने पुसून खुंटीला लावा.

आणि ओरखडे आमच्या काचेवर येऊ द्या, मित्रांनो. आम्ही त्याचसाठी आहोत.